एका भाकरीला अडीच पेंड्या

२०२० च्या मार्चअखेर आमच्या एकरभर कोबीवर रोटर मारावा लागला. गड्डे भरले होते, हातात घेतले तर दगडासारखे घट्ट. काढणीला चार दिवस उरले असताना गोव्याची हद्द बंद झाली आणि दारात येणारा टेंपो यायचा थांबला. पहिले दोन-तीन दिवस वाट पाहिली, मग गावात फुकट वाटले. पण बेळगावजवळच्या आमच्या कडोली भागात सगळ्यांच्याच रानात कोबी, फ्लॉवर, नवलकोल. कोण कुणाचं घेणार? आठवड्यानं गड्डे तडकायला लागले. वेळेवर न काढलेला कोबी उभा फुटतो, आत पाणी शिरतं, आणि मग जो वास सुटतो तो रात्री घरात झोपू देत नाही. सासरे बांधावर उभे राहिले, ट्रॅक्टरवाल्याला हातानंच खूण केली आणि पाठ फिरवून घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्याच संध्याकाळी म्हापशाहून नणंदेचा फोन. "वहिनी, इथं भाजीचं पानसुद्धा मिळेना गं. तीन दिवस डाळ-भात आणि लोणचं चाललंय. बाजारात कांद्याला रांग लागली." मी फोन कानाला धरून खिडकीतून त्या नांगरलेल्या रानाकडे बघत होते. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, मध्ये एक चोर्ला घाट. अलीकडे कोबी सडतोय, पलीकडे ताट रिकामं.

मी बेळगावात पदवीपूर्व कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. व्यापारापासून होणाऱ्या लाभाचा धडा तेव्हा पंधरा वर्षं शिकवून झाला होता. लाभ म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात दिसलं, तो गेल्यावर.

आता या धड्याबद्दल लिहायचं कारण असं. गेल्या महिन्यात वर्गात चंदगडकडून रोज एसटीनं येणारा एक मुलगा उभा राहिला. फार कमी बोलतो. म्हणाला, "मॅडम, जो सगळ्याच कामात दुसऱ्याच्या मागे आहे, त्याच्याशी व्यापार कोण कशाला करेल?"

पुस्तक इंग्रजीत, खाली कन्नड टिपणं, आणि निम्मी पोरं घरी मराठी बोलणारी. फळ्यावरचं सोडून मी त्यांना आमच्या घरातली गोष्ट सांगितली. तीच इथं सविस्तर लिहिते, कारण वर्गात घंटा झाली आणि शेवट राहून गेला.

लग्न होऊन आले तेव्हा मी या घरात सगळ्यांत मागे होते. माहेर बेळगावातल्याच वडगावचं, माग चालवणाऱ्यांचं. शेतातलं मला काही येत नव्हतं. थोरल्या जाऊबाई मात्र हाताच्या फार वेगवान. आमची कोथिंबीर आदल्या संध्याकाळी उपटून ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली असते. पहाटे चारला उठायचं, सहाला टेंपो दारात. मधल्या दोन तासांत पेंड्याही बांधायच्या आणि घरच्यांच्या, कामाला येणाऱ्या बायकांच्या मिळून तीस भाकऱ्याही थापायच्या.

पेंडी बांधणं सोपं वाटतं, पण नाही. मूठभर काड्या घ्यायच्या, मुळं जमिनीवर आपटून एका रेषेत आणायची, पिवळं पान खुडायचं, भिजवलेल्या केळीच्या सोपटाचे दोन वेढे द्यायचे आणि टोक आत खोचायचं. सैल बांधली तर घाटातल्या वळणांवर पेंडी सुटते, आवळून बांधली तर देठ काळे पडतात. जाऊबाई तासाला शंभर पेंड्या बांधायच्या, मी चाळीस. भाकऱ्या त्या तासाला तीस करायच्या, मी वीस. दोन्ही कामांत त्या पुढे. अर्थशास्त्रात याला निरपेक्ष लाभ म्हणतात. दोन्हीकडे तो त्यांच्याकडे होता, माझ्याकडे कशातच नव्हता.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, थोरलीच्या भाकऱ्या चांगल्या होतात, तेव्हा चूल तिच्याकडे. त्या पहिला तास भाकऱ्या करायच्या, तीस पुऱ्या झाल्या की पेंड्यांना बसायच्या, तासात शंभर. मी दोन्ही तास पेंड्या, ऐंशी. टेंपोत एकशे ऐंशी पेंड्या चढायच्या.

एक दिवस जाऊबाईंनीच सांगितलं, "तू चुलीपाशी बस गे. मी रानचं बघते." मला वाटलं, मी पेंड्या वाया घालवते म्हणून मला उठवलं. रडू आलं होतं. पण हिशेब बघा. मला तीस भाकऱ्यांना दीड तास लागला. उरलेल्या अर्ध्या तासात मी वीस पेंड्या बांधल्या. जाऊबाईंनी दोन तास सलग पेंड्या बांधल्या, दोनशे. भाकऱ्या तितक्याच, तीस. पेंड्या एकशे ऐंशीच्या दोनशे वीस. कुणाचा हात वाढला नाही, कुणी जास्त वेळ बसलं नाही, कोथिंबीर रानात होती तेवढीच होती, आणि चाळीस पेंड्या जास्त आल्या.

कुठून आल्या? जाऊबाई एक भाकरी करतात तेव्हा तेवढ्या वेळातल्या सव्वातीन-साडेतीन पेंड्या बुडतात. मी एक भाकरी करते तेव्हा दोनच बुडतात. भाकरी करण्यात मी त्यांच्यापेक्षा हळू आहे, पण माझी भाकरी घराला स्वस्त पडते. हाच तुलनात्मक लाभ. माणूस किती चांगला आहे हे यात मोजत नाहीत. हे काम करताना त्याच्या हातून दुसरं कोणतं काम सुटतं, ते मोजतात. पाठ्यपुस्तकात त्याला संधी खर्च म्हणतात. आणि दोन्ही कामांत पुढे असणाऱ्या माणसालाही दोन्ही कामांत तुलनात्मक लाभ असूच शकत नाही, कारण एका कामाचा संधी खर्च त्याच्याकडे कमी असेल तर दुसऱ्याचा आपोआप जास्त असतो. म्हणून सगळ्यात मागे असणाऱ्यालाही एक जागा असते, ती कुणी दया म्हणून देत नाही. त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो खाली बसला आणि वहीत आकडे पुन्हा मांडायला लागला.

आम्ही दोघी समजा वेगवेगळ्या घरच्या असतो आणि अदलाबदल करत असतो, तर एका भाकरीला किती पेंड्या? दोनच्या खाली मी द्यायची नाही, सव्वातीनच्या वर त्या द्यायच्या नाहीत. अडीच म्हटलं तर दोघींचंही भलं. तीन म्हटलं तरी दोघींचं भलं, पण माझं जास्त. फायदा आहे हे सिद्धांत सांगतो. तो कुणाच्या पदरात किती, हे घासाघीस ठरवते. आमच्या घरात हा प्रश्न आला नाही, कारण पैसे सासूबाईंच्या एकाच डब्यात पडायचे. डबा एक होता ही गोष्ट लक्षात ठेवा.

निरपेक्ष लाभाचा विचार ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये मांडला होता. तो म्हणाला, काचघरं बांधून, भिंती तापवून स्कॉटलंडमध्येही उत्तम द्राक्षं पिकतील आणि त्यांची उत्तम वाइन होईल, फक्त बाहेरून आणण्याच्या तीसपट खर्च येईल. आमच्या रानातला लाल पोटॅश याच जातीचा. आपल्या देशात शेतीला लागणारा पोटॅश खाणीतून निघत नाही, सगळा परदेशातून येतो, कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन. तिथं तो जमिनीखाली आहे, इथं नाही. हे कुणालाही पटतं.

डेव्हिड रिकार्डोनं १८१७ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. हा लंडनच्या शेअर बाजारात पैसा कमावलेला माणूस, घराण्याचं मूळ पोर्तुगालच्या ज्यूंमधलं. उदाहरणही त्यानं पोर्तुगालचंच घेतलं. इंग्लंडला वर्षभराचं ठरावीक कापड विणायला १०० माणसं लागतात, वाइन करायला १२०. पोर्तुगालला तेच कापड ९० माणसांत, वाइन ८० माणसांत. म्हणजे पोर्तुगाल ही जाऊबाई, इंग्लंड म्हणजे मी. दोघांनी दोन्ही केलं तर माणसं लागतात ३९०. पोर्तुगालनं दोघांची वाइन केली, इंग्लंडनं दोघांचं कापड विणलं, तर ३६०. तीस माणसं मोकळी झाली, त्यातली वीस इंग्लंडची, दहा पोर्तुगालची. पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञाला एका गणितीनं विचारलं होतं की तुमच्या सामाजिक शास्त्रांत खरं असूनही सहज न सुचणारं असं एक तरी विधान आहे का. त्यानं बऱ्याच वर्षांनी उत्तर दिलं ते हेच. मला ते वाचून जाऊबाई आठवल्या. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

रिकार्डोच्या पोर्तुगालचा आणि आमचा संबंध इथं सगळ्यांना माहीत आहे. गोवा १९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत पोर्तुगालकडे होता. कोबी हा शब्द पोर्तुगीज, बटाटा पोर्तुगीज, पाव पोर्तुगीज, काजूही पोर्तुगिजांनीच आणला. शब्द घाटावर चढून आले आणि भाजी घाट उतरून गेली.

मध्ये एकदा ती थांबलीही होती. १९५५ मध्ये भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. तेव्हा गोव्यात बटाटे नेदरलँड्समधून यायचे, चहा सिलोनमधून, सिमेंट जपानमधून. बेळगावचा बटाटा घाटमाथ्यावर, आणि खालच्या माणसाच्या रस्स्यात समुद्र ओलांडून आलेला. गोव्याला ते परवडलं कारण त्या काळात तिथल्या लोहखनिजाला जपानमध्ये मागणी होती. हेही तुलनात्मक लाभाचंच उदाहरण: खनिज विकायचं आणि बटाटे घ्यायचे. फक्त शेजाऱ्याशी व्यवहार बंद असल्यामुळे मधला सगळा वाहतूक खर्च पाण्यात.

गोव्यात भाजी पिकत नाही असा आमच्याकडे एक समज आहे. तो बरोबर नाही. ताळगावची वांगी खाऊन बघा, तांबडी भाजी खाऊन बघा. आमची हवा थंड, उंची साडेसातशे मीटरच्या आसपास, कोबी-फ्लॉवरला ती मानवते हे खरं. पण मोठं कारण वेगळं आहे. गोव्यात एक माणूस दिवसभर कोबीच्या रानात वाकला तर त्याच्या हातून हॉटेलची, बोटीची, ऑफिसची मजुरी सुटते. त्याचा दिवस महाग आहे. आमचा दिवस स्वस्त आहे, म्हणून कोबी आमच्याकडे. यात अभिमान बाळगण्यासारखं काही नाही हे मला हळूहळू कळलं. पुतण्या आता हत्तरगीला लेथवर काम करतो, विमानाचे सुटे भाग बनवतो, ते युरोपात जातात. तो सुट्टीच्या दिवशीही पेंड्यांना बसत नाही आणि सासरे त्याच्यावर रागावत नाहीत. त्याचा तास आता गोव्याच्या माणसाच्या तासासारखा झालाय. भांगलणीला आम्हीच बाहेरगावाहून बायका आणतो.

इथवर मी वर्गात उत्साहानं सांगू शकते. पुढचं सांगताना माझा आवाज बदलतो, हे पोरांच्याही लक्षात आलं असेल.

माझ्या वडिलांचे चार पॉवरलूम होते. शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात तेव्हा गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी खट्‌खट् ऐकू यायची; माग थांबला की शेजारी विचारायला यायचे, काय झालं, वीज गेली की सूत संपलं? अण्णा आवाजावरून सांगायचे की तिसऱ्या मागाचा धोटा अडतोय. मग सुरतेची साडी आली. आमच्या साडीच्या निम्म्या दरात, रंग जास्त, छपाई झगझगीत. व्यापार देशातल्या देशात होता, पण हिशेब रिकार्डोचाच. सुरतेला जे स्वस्त पडत होतं ते आम्हाला महाग पडत होतं. आमच्याच सासरच्या बायका त्या साड्या नेसून रानात जायच्या. ज्या बाईला वर्षाला दोन लुगडी मिळायची तिच्याकडे सहा साड्या झाल्या. हा फायदा खरा आहे. मी तो डोळ्यांनी पाहिलाय आणि तो नाकारणं म्हणजे त्या बायकांना खोटं पाडणं.

पण अण्णांचे माग भंगारात गेले, किलोवर. बीम, फणी, धोटे, सगळं एका काट्यावर. बावन्न वर्षांचा माणूस. रिकार्डो गृहीत धरतो की कापडातला माणूस वाइनकडे जाईल. कागदावर तो एका ओळीत जातो. अण्णा आधी एका दुकानात साड्या उलगडून दाखवायला राहिले, त्याच सुरतेच्या. वर्षभरात सोडलं. मग काही नाही. त्यांचा तिसऱ्या मागाचा आवाज ओळखणारा कान कुठल्याही कामाला लागला नाही.

घरात डबा एक होता म्हणून माझ्या आणि जाऊबाईंच्या अदलाबदलीत कुणी हरलं नाही. सुरत आणि वडगावचा डबा एक नाही. चाळीस पेंड्या जास्त येतात, पण त्या येतात एकाच्या दारात आणि कमी होतात दुसऱ्याच्या.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थकारणावर व्याख्यान दिलं होतं. इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना, सगळ्या काळात सारखे लागू होतात हे त्यांनी मानलं नाही. उष्ण देशांनी कच्चा माल पिकवावा आणि थंड देशांनी त्याचा पक्का माल करावा, ही प्रदेशवार श्रमविभागणी जणू निसर्गानंच ठरवली आहे असं सांगितलं जात होतं, त्याला त्यांचा विरोध होता. मला हा मुद्दा उद्यमबागेत, आमच्या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत दिसतो. तिथं ओतकाम, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक सिलिंडर होतात. बेळगावच्या मातीत काही ते पिकत नव्हतं. माणसं शिकली, चुकली, पुन्हा शिकली, आणि लाभ तयार झाला. भाकऱ्यांचंच बघा: दहा वर्षांनी मी तासाला अठ्ठावीस करायला लागले. आजचा हिशेब आजचा असतो. पोर्तुगालनं इंग्लंडशी १७०३ मध्ये करार केला, वाइन पाठवायची आणि लोकरी कापड घ्यायचं. रिकार्डोनं उदाहरण लिहिलं तेव्हा त्याला शंभरावर वर्षं होऊन गेली होती. तेवढ्या काळात यंत्रावर विणायला कोण शिकलं आणि कोण नाही, हे ३९० वजा ३६० मध्ये दिसत नाही.

दिवाळीत अण्णांना मी हे सगळं सांगत बसले होते. त्यांना आकडे आवडतात, मागवाल्याला आवडतातच. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या साहेबानं, ज्याचा माग जातो त्याचं काय करायचं ते लिहिलंय का?"

मी सांगितलं की १९३९ मध्ये कॅल्डॉर आणि हिक्स या दोन अर्थतज्ज्ञांनी असा निकष मांडला की ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांना भरपाई देऊनही पुढे राहू शकत असतील, तर तो बदल चांगला समजावा.

"राहू शकत असतील म्हणजे देतात?"

"नाही अण्णा. देऊ शकले तरी पुरे, असं आहे ते. अमेरिकेनं १९६२ मध्ये कायदा केला, आयातीमुळे काम गेलेल्या कामगारांना मदत आणि नवं शिक्षण द्यायचा."

"आणि वडगावात?"

मी गप्प बसले. ते उठून अंगणात गेले, आणि बराच वेळ त्यांनी तिथल्या दोरीवरच्या साड्या सारख्या केल्या.

त्यानंतर मी वर्गाला घरचा अभ्यास वेगळा दिला. आपल्या घरात बाहेरून काय येतं, बाहेर काय जातं, त्यात कुणाला मिळालं आणि कुणाचं गेलं, दोन रकाने करून लिहा. नावं नकोत, आकडे हवेत. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलानं आईबद्दल लिहिलं होतं. त्याची आई काजूच्या कारखान्यात गर सोलते, किलोवर मजुरी. बी आफ्रिकेतून येते. पोत्यावर परक्या देशाचं नाव छापलेलं असतं, ते त्यानं घरी आणलेल्या एका रिकाम्या पोत्यावरून नीट उतरवून घेतलं होतं: टांझानिया. परदेशी बी आली म्हणून कारखाना बारा महिने चालतो, नाहीतर इथल्या बीवर चार महिन्यांत संपला असता. म्हणून पहिल्या रकान्यात आईची आठ महिन्यांची मजुरी. पण त्यांची स्वतःचीही काजूची झाडं आहेत, डोंगराच्या उतारावर, आणि परदेशी बी आली की त्यांच्या बीचा दर पडतो. म्हणून दुसऱ्या रकान्यातही आईच, कारण झाडांची राखण तीच करते.

मी त्याला विचारलं, मग घरात जास्त आलं की जास्त गेलं?

तो म्हणाला, "यंदा मोहोर बघून सांगतो, मॅडम."